‘आमचा ब्रूनो काही करत नाही’

पत्राचा सारांश: गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. घरात नवरा, कॉलेजात जाणारी मुलगी आणि ब्रूनो नावाचा तीन वर्षांचा लॅब्राडोर. ब्रूनोला त्या रोज सकाळी किनाऱ्यावर नेतात आणि तिथे मोकळा सोडतात. जानेवारीत एका सकाळी त्या पाण्याजवळ फोनवर बोलत असताना ब्रूनो त्यांच्या मोठ्या दिरांच्या चार वर्षांच्या नातवामागे धावला. पोरगा घाबरून तोंडावर पडला. चावा नाही, ओरखडाही नाही. पण तेव्हापासून पोर रात्री दचकून उठतं आणि दोन्ही घरांतलं बोलणं बंद आहे. दीर रापणकार आहेत, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं (रापण) ओढून मासेमारी करणारे. येत्या ग्रामसभेत ‘किनाऱ्यावर कुत्र्यांना पूर्ण बंदी’ असा ठराव येणार असून त्या अर्जावर पहिली सही दिरांची आहे. ताईंनी उलट बाजूने, ‘पूर्वीपासून चालत आलंय तसंच चालू ठेवावं’ अशा मागणीवर सह्या गोळा केल्या आहेत. त्या सह्या बहुतेक गावात घरं घेऊन राहायला आलेल्या बाहेरच्या लोकांच्या. त्या विचारतात: ‘किनारा सगळ्यांचा आहे. माझा कुत्रा लस घेतलेला, माणसाळलेला. भटक्या कुत्र्यांच्या पापाची शिक्षा त्याला का? ग्रामसभेत विरोध करू की गप्प बसू? शॅकच्या (किनाऱ्यावरच्या हंगामी खानावळीच्या) मागच्या चार कुत्र्यांना मी रोज भात घालते, तेही थांबवू का? आणि चवथीला मूळ घरी सगळ्यांना एका गणपतीसमोर बसायचं आहे, त्याची काळजी तर सगळ्यात जास्त.’

ताई,

ग्रामसभा तोंडावर आली आहे, म्हणून मुख्य प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, उभ्या राहा आणि बोला. बारा महिने, अख्ख्या किनाऱ्यावर, सरसकट बंदी घालणारा ठराव मला चुकीचा वाटतो आणि तो टिकेल असंही वाटत नाही. पण तुमच्या हातात आज जो अर्ज आहे तो घेऊन जाऊ नका. ‘चालत आलंय तसंच चालू द्या’ या मागणीच्या बाजूने मी नाही. का ते सविस्तर सांगते, कारण केरीपासून काणकोणपर्यंत किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत हाच वाद थोड्याफार फरकाने चालू असणार.

‘आमचा ब्रूनो काही करत नाही’ हे तुम्ही पत्रात पुन्हा पुन्हा लिहिलंय. ते खरं असणार. लॅब्राडोर स्वभावाने गरीब, आणि तुम्ही त्याला जीव लावून वाढवलंय हे ओळीओळीत दिसतं. पण ही माहिती तुमच्या मनात आहे. समोरच्याला ती कळायला मार्ग नाही. त्याला दिसतो तो तीसेक किलोचा, पूर्ण वेगाने आपल्या अंगावर येणारा कुत्रा. चार वर्षांच्या पोराच्या तर थेट तोंडासमोर त्याचा जबडा येतो. पोर धावलं की कुत्रा मागे धावणार, त्याच्या लेखी तो खेळ. पोर किंचाळलं की त्याला आणखी चेव येणार, आणि पडलं की हुंगायला तो तोंड खाली घालणार. यात ब्रूनोचा काही दोष नाही. त्याला हाक मारून थांबवणारं माणूस त्या क्षणी पाण्याजवळ फोनवर होतं, एवढंच.

‘चावा नाही, ओरखडा नाही’ म्हणजे काही झालंच नाही, असं धरून चालू नका. जे पोर आजही झोपेत दचकतं, त्याच्या बाबतीत झालंय. कायदाही चाव्याची वाट बघत बसत नाही. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत संभवत असेल आणि मालकाने पुरेशी खबरदारी घेतली नसेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. तुमच्या दिरांनी पोलिसांची पायरी चढली नाही, ग्रामसभेचा रस्ता धरला, हे रागाच्या भरात नजरेआड होऊ नये म्हणून सांगते.

आता तुमचं दुसरं म्हणणं, किनारा सगळ्यांचा. अगदी खरं. सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ खटल्याच्या १९९६ च्या निकालात हेच म्हटलं: समुद्रकिनारा, वाहतं पाणी, हवा, जंगलं यांचं सरकार विश्वस्त आहे आणि लाभार्थी आहे ती सगळी जनता. पण या ‘सगळ्यां’त कोण कोण येतं ते एकदा नावं घेऊन बघा. पहाटे रापण ओढणारी माणसं येतात. वाळूवर खारवलेली मासळी वाळत घालणाऱ्या बायका येतात. गुडघे दुखतात म्हणून मऊ वाळूवर चालायला येणारे म्हातारे येतात, आणि लहानपणी कधीतरी कुत्रा चावला म्हणून आयुष्यभर धास्ती घेतलेली माणसंही येतात. कुत्र्याची भीती वाटणं हा काही गुन्हा नाही, आणि ती वाटते म्हणून कुणी किनारा सोडून द्यावा हेही बरोबर नाही.

शिवाय तुमच्या तालुक्यात या यादीत कासव येतं, आणि माझ्या मते ते सगळ्यात वर येतं. गोव्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात ते मुख्यतः मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर. २०११ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत या चारही किनाऱ्यांची नावं घालून तिथे बांधकामाला मनाई केली आहे. मोरजीत तर नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून गावकरी वन खात्याबरोबर घरटी राखत आले आहेत. तुमच्या गावातलंही कुणी ना कुणी त्या कामात रात्री जागलं असेल.

हे घरटं कसं होतं ते बघा, म्हणजे कुत्र्याचा प्रश्न किती नेमका आहे ते कळेल. मादी रात्री, अंधारात, भरतीच्या रेषेच्या वर सरपटत येते. तेवढ्यात उजेड दिसला, आवाज झाला किंवा कुत्रा भुंकला तर ती अंडी न घालताच मागे वळते. निवांत वाटलं तर मागच्या दोन वल्ह्यांनी हातभर खोल खड्डा खणते, त्यात शंभराच्या आसपास अंडी सोडते, वाळू लोटून वर अंगाने चोपते आणि परत पाण्यात जाते. पुन्हा कधी त्या घरट्याकडे फिरकत नाही. माणसाला ती जागा सरपटल्याच्या खुणा बघून शोधावी लागते. कुत्र्याला नाकाने लागते, तीही पहिल्याच रात्री, वास ताजा असताना. तो उकरतो, दोनचार अंडी खातो आणि बाकीची उघडी टाकतो. उरलेलं काम सकाळी कावळे करतात. जी घरटी वाचतात त्यांतून दीडदोन महिन्यांनी पिल्लं रात्रीच बाहेर पडतात, आणि वाळूपासून पाण्यापर्यंतच्या त्या थोड्याशा अंतरातही त्यांना कुत्रा गाठतो. म्हणून वन खातं घरट्याभोवती जाळी लावतं, नाहीतर अंडी उचलून कुंपणात हलवतं. हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाला आहे तेवढंच संरक्षण त्याला आहे.

‘पण ब्रूनो सकाळी जातो आणि अंडी खात नाही,’ असं तुम्ही म्हणाल. खात नसेल. तरी ताज्या घरट्यावर तो पंजे मारणार नाही याची खात्री तुम्ही देऊ शकता का? तुम्ही चालत पुढे गेलात आणि तो शंभर पावलं मागे वाळू उकरत राहिला, असं कधी होतच नाही का? हंगामात मोरजीला शापोरा नदीच्या मुखाशी थंडीतले पाहुणे पक्षी उतरतात. मैलोन्‌मैल उडून आलेले ते छोटे पाणपक्षी ओल्या वाळूत किडे टिपत असतात, आणि मोकळ्या कुत्र्याचा सगळ्यात आवडता खेळ म्हणजे तो थवा उडवणं. आपल्याला ते बघायला मजा वाटते. त्या पक्ष्याचं मात्र खाणं राहतं आणि अंगातली ताकद फुकट जाते.

इतकं सगळं सांगूनही मी सरसकट बंदीच्या विरोधात का? कारण बंदीचा फलक ज्याला वाचता येतो त्यालाच लागू होतो. तुमच्यासारखी, लस टोचणारी, सांगितलेलं ऐकणारी माणसं दुसऱ्या दिवसापासून किनाऱ्यावर यायची बंद होतील. शॅकमागचे कुत्रे मात्र तिथेच राहतील. कासवाचं घरटं रात्री उकरणारे बहुतेक कुत्रे बिनमालकाचे असतात. त्यांना ठराव कोण वाचून दाखवणार? आणि त्यांना गाडीत घालून दूर कुठेतरी सोडून येण्याचा मार्ग कायद्याने बंद आहे. २०२३ च्या प्राणी जनन नियंत्रण नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्याला पकडून, नसबंदी आणि लस देऊन जिथून उचलला तिथेच सोडायचं असतं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पिसाळलेले आणि आक्रमक कुत्रे वगळता हेच सूत्र कायम ठेवलं.

यामागे निव्वळ भूतदया आहे असं समजू नका. गोव्यात २०१४ पासून घरचे, दारचे, रस्त्यावरचे असे सगळे कुत्रे हाताने किंवा जाळ्यात धरून धरून त्यांना रेबीजची लस टोचण्याची मोहीम सुरू झाली. दहातल्या सात कुत्र्यांना लस पोचली की रोगाची साखळी तुटते, हे त्यामागचं गणित. ते इथे इतकं जमलं की २०२१ साली गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. लस घेतलेले, नसबंदी झालेले कुत्रे आपापल्या जागी टिकून राहतात म्हणून हे साधतं. ते हाकलले तर रिकाम्या जागेत लस न घेतलेले नवे येतात. ग्रामसभेत कुणी ‘सगळे उचला’ म्हणालं तर हा मुद्दा शांतपणे मांडा. आपल्या राज्याने कमावलेली गोष्ट आहे, अभिमानाने मांडा.

तरीही ‘भटक्यांच्या पापाची शिक्षा ब्रूनोला’ हे तुमचं गाऱ्हाणं मला पुरतं मान्य नाही. दिरांच्या नातवामागे भटका कुत्रा धावला नव्हता. आणि वाळूवरची घाण काही भटक्यांचीच नसते. या घाणीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पत्रात तुम्ही ‘ती तर वाळूतच जिरते’ असं लिहिलंय आणि पुष्कळ चांगल्या माणसांचा हाच समज असतो.

कुत्र्याच्या आतड्यात अंकुशकृमी असले तर त्यांची अंडी विष्ठेतून वाळूत येतात. उबदार, ओलसर, सावलीतल्या वाळूत त्यांच्या अळ्या होतात आणि उघड्या पायाच्या किंवा वाळूत बसलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. माणसाच्या शरीरात त्यांना पुढे जाता येत नाही, म्हणून त्या कातडीखालीच भटकत राहतात. तळव्यावर किंवा मांडीवर लाल, वेडीवाकडी, रोज थोडी थोडी पुढे सरकणारी रेघ उमटते आणि रात्री झोप लागू नये इतकी खाज सुटते. औषधाने बरं होतं, पण किनाऱ्यावर अनवाणी वावरणाऱ्या माणसाला आणि वाळूत खेळणाऱ्या पोराला हा त्रास फुकटचा. पायाने वाळू लोटून घाण झाकली तर त्या अळ्यांना नेमकी हवी तशी जागा मिळते. ती पिशवीत उचलून घरी नेऊनच टाकायची, दुसरा उपाय नाही. जोडीला ब्रूनोला दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्या. डॉक्टरांकडे त्याचं कार्ड असेलच, तारखा बघून घ्या.

मोकळं सोडण्यात ब्रूनोचंही भलं नाही, ही बाजू कुणी सांगत नाही. रापणीतून निघालेले केंड मासे रापणकार वाळूवर फेकून देतात. केंड विषारी. कुत्र्याने तो खाल्ला तर अंग लुळं पडून श्वास थांबू शकतो. तुम्ही पाण्याजवळ फोनवर असताना तो कुठल्या ढिगात तोंड घालतोय ते तुम्हाला दिसणार नाही. खारं पाणी पोटभर प्यायला तर उलट्या, जुलाब ठरलेले. आणि दिवस वर आल्यावर वाळू अशी तापते की पंजे भाजतात. हाताचा उलटा पंजा वाळूवर पाचसहा सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्यालाही सोसत नाही.

जगात बाकीच्या ठिकाणी हा प्रश्न वेळ आणि जागा वाटून सोडवला आहे. अमेरिकेत सॅन दिएगो शहरात १९७२ पासून किनाऱ्याचा एक ठरावीक तुकडा कुत्र्यांना मोकळा आहे. ऑस्ट्रेलियात बऱ्याच नगरपालिका कुठे दोरी हवी, कुठे नको आणि किती वाजेपर्यंत, हे फलकावर लिहून ठेवतात. इंग्लंडमध्ये कित्येक किनारे मे ते सप्टेंबर कुत्र्यांना बंद असतात, कारण त्यांची गर्दी उन्हाळ्यात. त्यांचा नियम तसाच्या तसा उचलला तर आपली फसगत होईल. आपल्याकडे पर्यटक, पाहुणे पक्षी आणि कासवांची घरटी हे सगळं एकाच वेळी, दिवाळीनंतर सुरू होतं. आपली बंधनं तेव्हा कडक हवीत आणि पावसाळ्यात सैल चालतील. तेही दोरी लांब करण्यापुरती सैल. पावसातल्या दर्यात ना कुत्र्याने उतरावं ना मालकाने.

म्हणून माझी सूचना अशी की विरोधाचा अर्ज बाजूला ठेवा आणि ठरावाला दुरुस्ती सुचवा. मजकूर साधारण असा ठेवता येईल: ‘नोव्हेंबर ते मे या काळात कासवांची घरटी असलेल्या पट्ट्यात पाळीव कुत्रे कोणत्याही वेळी आणू नयेत. तो पट्टा वन खात्याला विचारून दरवर्षी ठरवावा आणि काठ्या लावून दाखवावा. उरलेल्या किनाऱ्यावर पाळीव कुत्रा सूर्योदयापासून सकाळी आठपर्यंत, दोरी धरूनच आणावा. सूर्यास्तानंतर आणू नये. रापण ओढली जात असेल तिथे आणि मासळी वाळत असेल तिथे नेऊ नये. विष्ठा मालकाने उचलून न्यावी. गळपट्ट्यावर लशीचा बिल्ला आणि मालकाचा फोन नंबर असावा. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण पावसाळ्याआधी व्हावं यासाठी पंचायतीने पशुसंवर्धन खात्याकडे लेखी मागणी करावी. त्यांना खायला घालण्यासाठी किनाऱ्याबाहेर जागा ठरवावी. एक वर्षाने ग्रामसभेने या ठरावाचा फेरविचार करावा.’

शेवटचं कलम कुणी गाळू म्हणालं तरी गाळू देऊ नका. वर्षाने पुन्हा बघायचं ठरलेलं असलं की दोन्हीकडची माणसं थोडी सैल होतात. मात्र पंचायतीच्या ठरावाने सगळं होईल अशीही समजूत करून घेऊ नका. किनाऱ्यावर पर्यटन खातं आहे, वन खातं आहे, किनारपट्टीचे नियम आहेत. ठराव या सगळ्यांकडे पाठवावा लागेल आणि त्याचा पाठपुरावा कुणाला तरी करावा लागेल. ते काम तुम्ही अंगावर घ्या. तक्रार घेऊन येणाऱ्या माणसापेक्षा काम अंगावर घेणाऱ्याचं ग्रामसभेत जास्त ऐकलं जातं.

आता त्या सह्यांबद्दल. तुम्हाला टोचतंय ते मला समजतं: बाजूने सगळे बाहेरचे आणि विरोधात आपलीच माणसं. एक व्यवहाराची गोष्ट आधी. ग्रामसभेचा सदस्य म्हणजे त्या पंचायतीच्या मतदारयादीत नाव असलेला माणूस. तुमच्या कागदावरच्या किती जणांची नावं यादीत आहेत ते तपासा. बहुतेकांची नसतील तर तो गठ्ठा ग्रामसभेत फडकवल्याने तुमचा मुद्दा पडेल आणि ‘बघा, दिल्लीवाल्यांना घेऊन आली’ हे वाक्य तेवढं गावात उरेल.

पण त्या लोकांना झटकूही नका. बाहेरून आलेल्या कुत्रेवाल्यांनी गावात घाण केली असेल, तशी त्यांच्यातल्या कुणी स्वतःच्या खिशातून भटक्यांच्या नसबंदीचा खर्चही केला असेल. त्यांना सहीऐवजी दुसरं काहीतरी मागा. एखाद्या पहाटे, कुत्रे घरी ठेवून, त्यांना रापण बघायला घेऊन जा. होडी जाळं घेऊन अर्धवर्तुळात आत जाते आणि दोन्ही बाजूंना माणसं दोर खांद्यावर घेऊन, टाचा वाळूत रोवून मागे मागे सरकत ओढतात. मागे बघायला त्यांना सवड नसते. अशा वेळी मोकळा कुत्रा दोरात पायांत आला तर ओढणारा माणूस आडवा होतो, आणि जाळं वर आल्यावर त्याने मासळीच्या राशीत तोंड घातलं तर गिऱ्हाईक पाठ फिरवतं. वाळत घातलेल्या बांगड्यांवर कुत्र्याने पाय वर केला तर अख्खी चटई फेकायची वेळ येते. हे ज्याने जवळून बघितलं तो ‘हे गाववाले कुत्र्यांचे वैरी’ असं पुन्हा म्हणणार नाही. तुमच्या दिरांनी त्या अर्जावर पहिली सही केली, त्यात नातवाचा राग असेलच. पण किती वर्षांचं हे सोसणं आहे तेही असेल. तुम्ही त्यांना कधी विचारलंय का? पत्रात तरी तसं दिसलं नाही.

दिरांकडे जायचं ते ग्रामसभेच्या आधी. नंतर गेलात तर हरलेलं कुणीतरी हारजीत घेऊन बसेल. एकट्या जा, किंवा यजमानांना घेऊन जा. ब्रूनोला नेऊ नका. ‘बघ रे, तो किती गरीब आहे, हात लावून बघ,’ असा प्रयोग घाबरलेल्या पोरावर करायचा मोह होतो, आणि त्याने भीती आणखी खोल जाते. त्या पोराने पुढचं वर्षभर ब्रूनोचं तोंड बघायचं नाही म्हटलं तरी ते मान्य करा. तुम्हाला सांगायचं आहे ते थोडकंच आहे: त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं, ब्रूनो आता दोरीशिवाय किनाऱ्यावर येणार नाही. यापुढे ‘पण’ लावू नका. ‘पण त्याने चावा तर नाही घेतला’ हे वाक्य ओठावर येईल, ते गिळा. मग विचारा, की भावोजी, रापण कुठल्या बाजूला लागणार ते आदल्या रात्री कळेल का, म्हणजे मी कुत्र्याला दुसऱ्या अंगाला नेईन. हा प्रश्न कामाचा आहे, त्याला उत्तर कामाचंच मिळतं, आणि बोलणं सुरू व्हायला तेवढं पुरतं. जाऊबाईंना वेगळं भेटा. पोर रात्री दचकतं तेव्हा जागी त्याच राहत असतील. जाऊन चहा घेऊन आलात तरी चवथीपर्यंत पाचेक महिने हातात आहेत. दुरुस्तीचा कागद दिरांना आधी वाचायला द्या आणि त्यांनी एखादं कलम कडक करून मागितलं तर करा. तुमच्या दोघांच्या सह्या एका कागदावर आल्या तर मला वाटतं त्या ठरावाला फारसं कुणी आडवं येणार नाही.

आणि ते न वळले तर? तर तुम्ही तरीही ग्रामसभेत बोला, त्यांचं नाव न घेता, नातवाचा प्रसंग न काढता. ठराव सरसकट बंदीचा झाला तर तो पाळा आणि वर्षभराने पुन्हा मांडा. ब्रूनोला माडांच्या भाटातून, शेताच्या बांधावरून फिरवता येईल. त्याला समुद्रापेक्षा तुमच्याबरोबर चालणं जास्त हवं असतं.

राहिले शॅकमागचे चार कुत्रे. भात थांबवू नका, जागा बदला. आत्ता एप्रिलात त्यांना तुमच्या भाताची एवढी गरज नाही, शॅकमधलं उष्टं पुरतं. मेअखेर शॅक उतरतात, पर्यटक जातात, आणि चार महिने त्यांना विचारणारं कुणी नसतं. उपाशी कुत्रे तेव्हा टोळी करून फिरतात आणि माणसांच्या अंगावर जातात तेही तेव्हाच. तुमचा भात खरा लागेल तो तेव्हा. २०२३ च्या नियमांतही खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर हवी, आणि पोरं-म्हातारी कमी असतील अशी वेळ हवी, असं म्हटलंय. वाळूवर घालू नका. आत, रस्त्याच्या बाजूला, एकाच ठिकाणी, ठरल्या वेळी घाला आणि उरलेलं उचला. महिनाभरात ते त्या वेळेला तिकडेच येऊन थांबायला लागतील, आणि तेवढ्याने किनाऱ्यावरचा त्यांचा वावर कमी होईल.

त्याच जागेवर ते हाताशी येतात, तेव्हा त्यांचे कान बघून घ्या. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच केलेली असते. खाच नसलेली मादी त्यात असेल तर आधी तिची सोय करा. दोन महिन्यांच्या गाभणपणात ती पाचसहा पिल्लं देते आणि ती नेमकी पावसात जन्मतात. शॅकवाल्याकडून या खर्चाचा वाटा आत्ताच मागा. हंगामभर रात्रीची राखण त्या कुत्र्यांनी त्याच्याच दारात केली आहे, आणि मे संपला की तो गावाला निघून जाईल.